हौ ना, इझन्ट इट?

परभणीत सुटं वाक्य कुणी बोलत नाही. वाक्य तोंडातून निघालं की त्याला साक्षीदार लागतो. मे महिन्यात पारा ४३-४४ वर टेकलेला असतो, रस्त्याचं डांबर चपलेला सोडत नसतं आणि नानलपेठेत दुकानाच्या वीतभर सावलीत दोन माणसं अंग चोरून उभी असतात. उन्हाबद्दल एकाने दुसऱ्याला विचारावं असं काही शिल्लक नसतं. तरी पहिला विचारतो, “लई ऊन हाय ना?” दुसरा मान पुसत म्हणतो, “हौ ना!” म्हणजे प्रश्नाला ‘ना’ आणि उत्तरालाही ‘ना’. बोलण्याची पाळी परत पहिल्यावर आली. “मागल्या सालापेक्षा जास्तच की.” “तर काय!” असं अर्धा तास चालतं. कुणी कुणाला काहीही सांगितलेलं नसतं आणि दोघंही मन मोकळं करून आल्याच्या समाधानात घरी जातात.

या ‘ना’मध्ये नुसतं प्रेम असतं असं मात्र समजू नका. आमचे शिंपी चाचा दखनी बोलतात. पोटाला फास बसवणारी पँट चढवून मी आरशासमोर श्वास धरून उभा असतो, तेव्हा ते मागून हळूच विचारतात, “बराबर बैठी, नै?” श्वास धरलेल्या माणसाला वाद घालता येत नाही. तोंडातून “हौ” एवढंच निघतं. एकदा हौ म्हटलं की पँट तुमची. सभेतही तेच. “मराठवाड्याला पाणी मिळालं पाहिजे की नाही?” असं व्यासपीठावरून आलं की आम्ही सगळे हात वर करून “पाहिजे!” म्हणतो. नेते आमचं उत्तर घेऊन मुंबईला जातात. पाणी यायचं राहतं, पण पुढच्या सभेला तोच प्रश्न पुन्हा येतो आणि आमचं उत्तर बदललेलं नसतं.

हे सगळं सुखाने चाललं असताना मुलगी लग्न होऊन लंडनला गेली, यथावकाश नात झाली, ती बोलायला लागली आणि माझी निवृत्ती जवळ आली. बायकोने जाहीर केलं, “आता आपण तिकडं जाणार. तुमचं इंग्रजी ऐकून जावई काय म्हणतील?”

“माझं इंग्रजी ऐकलंय कुणी?”

“तेच म्हणते मी.”

माझं इंग्रजी सरकारी आहे. ते ‘विथ रेफरन्स टू द अबव्ह सब्जेक्ट’ इथे सुरू होतं आणि ‘युवर्स फेथफुली’ला थांबतं. मधला मजकूर साहेब सांगतात. तसा दोष माझा एकट्याचा नाही, इतिहासाचाही आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आमच्याकडे निजामाचं राज्य. आजोबा उर्दूत शिकले. इंग्रज आमच्यावर थेट राज्य करायला आलाच नाही, त्यामुळे त्याच्या भाषेचाही आमच्याशी फारसा संबंध आला नाही. वडिलांनी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणली आणि तिला कव्हर घातलं. माझ्या तरुणपणी रॅपिडेक्स या इंग्रजी शिकवणाऱ्या पुस्तकाची लाट होती. कपिल देव त्याची जाहिरात करायचा. त्याने वर्ल्ड कप आणला, मी रॅपिडेक्स आणलं. दोन्ही कपाटात आहेत. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० साली. आम्हाला ते पाचवीत भेटलं, तोवर आमची जीभ ज्वारीच्या भाकरीवर पोसून पक्की झाली होती.

तर वसमत रोडवर एका मोबाइलच्या दुकानावरच्या मजल्यावर क्लास होता. फ्लेक्सवर लिहिलं होतं, ‘३० दिवसांत फाडफाड इंग्रजी’. इंग्रजीचं नंतर बघू, पण फाडफाड पहिल्या दिवसापासून होतं, कारण वर पत्रा होता आणि पंखा जुना होता. “तुम्ही एकटे गेलात तर खालच्या टपरीवरूनच परत याल,” असं म्हणून बायकोनेही नाव घातलं. वर्गात इंजिनिअर झालेली दोन पोरं, परदेशी जाऊ पाहणारी एक नर्स ताई, बी-बियाण्यांचं दुकान असलेले एक भाऊ आणि एक माजी सरपंच होते. सरपंचांना इंग्रजी कशाला हवं होतं ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. पण ते पहिल्या बाकावर बसत आणि सर आत आले की सर त्यांनाच नमस्कार करत.

सर जिंतूरकडचे, वयाने माझ्या मुलीएवढे. एके दिवशी त्यांनी फळ्यावर ‘क्वेश्चन टॅग’ असं लिहिलं आणि म्हणाले, “वाक्याला शेपूट लावायचं. दहावीच्या पेपरात एका मार्काला येतंच. लई सोपं असतं, काका.”

सोपं म्हणजे असं. पहिल्यांदा वाक्यातलं सहायक क्रियापद शोधायचं. ते नसेल तर ‘डू’, ‘डझ’, ‘डिड’ यांतलं एक कुठून तरी पैदा करायचं. वाक्य होकारी असेल तर शेपूट नकारी करायचं, नकारी असेल तर होकारी. नाव असेल तिथे सर्वनाम ठेवायचं आणि या सगळ्या गडबडीत काळ हलू द्यायचा नाही. एवढी तपासणी आमच्या कचेरीत फाइलीचीही होत नाही. ‘द बस हॅज गॉन’ एवढं बोलून मी ‘हॅजन्ट इट’ जुळवेपर्यंत जिंतूरची बस खरोखर निघून गेलेली असायची आणि शेपूट ऐकायला समोर कुणी नसायचं.

बियाणेवाले भाऊ व्यवहारी. त्यांनी हात वर केला.

“सर, एकच शेपूट ठेवलं तर सगळ्याला?”

“कोणतं?”

“इझन्ट इट. बियाणं चांगलं आहे, इझन्ट इट. तुम्ही उधारी देणार, इझन्ट इट. पाऊस येणार, इझन्ट इट.”

“चुकीचं आहे ते,” सर म्हणाले. “त्याला इंडियन इंग्लिश म्हणतात.”

“मग आपण कुठले आहोत, सर?”

सरांनी फळा पुसला.

भाऊंचा पुढचा गोंधळ सर्वनामांचा. त्यांच्या दुकानात ‘परभणी क्रांती’ असते. इतर गावांत क्रांती इतिहासात झाली, आमच्याकडे भेंडीत झाली. १९७२ साली स्थापन झालेल्या आमच्या कृषी विद्यापीठाचं हे वाण. भेंडीची पानं पिवळी पाडणाऱ्या रोगाला ते जुमानत नसे. भाऊ उठून म्हणाले, “परभणी क्रांती इज अ गुड भेंडी, इझन्ट शी?” सर म्हणाले, शी नाही, इट. भेंडीला इंग्रजीत लिंग नसतं. “बरं. व्हीट इज कॉस्टली, इझन्ट ही?” गव्हालाही नसतं. भाऊ खाली बसले, पण त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं की ज्या भाषेत ती ज्वारी आणि तो गहू एकाच पोत्यात घालतात तिच्याशी व्यवहार जपूनच करायला हवा.

पुढे ‘नोबडी’ आलं. सरांनी लिहिलं, ‘नोबडी केम, डिड दे?’ मी न राहवून विचारलं, “सर, कुणी आलंच नाही म्हणता, मग हे ‘दे’ कोण?” सर अडखळले. तेव्हा पहिल्या बाकावरून सरपंच शांतपणे म्हणाले, “ग्रामसभा असल. आमच्या काळात अशीच व्हायची. येत कुणीच नव्हतं, सह्या सगळ्यांच्या असायच्या.” व्याकरणाचा इतका समाधानकारक खुलासा मी कुठे ऐकला नाही.

‘आय ॲम’चं शेपूट ‘आरन्ट आय’ होतं हे मात्र मला मनापासून आवडलं. सगळ्या जगात मी एकटाच असूनही इंग्रज मला ‘आर’ लावतो. एवढा आदर मला घरात मिळत नाही. मी लगेच घरी सांगून पाहिलं, “आय ॲम द हेड ऑफ द फॅमिली, आरन्ट आय?” सरांनी शिकवलं होतं की टॅगचा प्रश्न असला तरी उत्तर देणं सक्तीचं नाही. बायकोने तो नियम तंतोतंत पाळला.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो ‘हार्डली’, ‘सेल्डम’, ‘फ्यू’ या मंडळींवर. ही दिसायला होकारी आणि पोटात नकारी. म्हणून त्यांच्यामागे शेपूट होकारी लावायचं. पोरांना हे पटेना. मला मात्र चटकन पटलं, कारण मी सरकारी कचेरीत आयुष्य काढलंय. आमच्याकडे ‘बघू’ हा शब्द याच जातीचा आहे. सरांनी तीन-तीनदा बजावलं, “हार्ड वेगळं, हार्डली वेगळं. ही वर्क्स हार्ड म्हणजे लई काम करतो. ही हार्डली वर्क्स म्हणजे जवळजवळ करतच नाही. मग शेपूट काय? डझ ही?” सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं.

घरी सराव सुरू झाला आणि घराची शांतता गेली. आज्ञेला ‘विल यू’ जोडलं की ती विनंती होते, असं सरांनी सांगितलं होतं. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “ब्रिंग कोथिंबीर, विल यू?”

मी पेपरातून मान न काढता म्हटलं, “नो.”

“नो म्हणजे?”

“प्रश्न विचारलास, उत्तर दिलं.”

“बरं. आज वरणावर फोडणी घालत नाही, शॅल आय?”

शेपटात व्याकरणाची चूक होती, ती मी कोथिंबीर घेऊन आल्यावर दाखवली.

त्यानंतर सुरांचा धडा झाला. टॅग म्हणताना आवाज वर गेला तर माणसाला खरंच माहीत नसतं, तो विचारतोय. आवाज खाली आला तर त्याला सगळं माहीत असतं, त्याला फक्त तुमच्या तोंडून कबुली हवी असते. हा धडा पुरुषांना शिकवण्याआधी बायकांना शिकवायला नको होता. “यू वेन्ट टू प्ले कार्ड्स, डिडन्ट यू?” यातलं ‘यू’ ज्या खोलीत उतरलं, त्यावरूनच मला कळलं की पत्त्यांच्या अड्ड्यावरच्या कुणाच्या तरी बायकोचा फोन येऊन गेलाय. तेव्हापासून मी प्रश्न ऐकतच नाही, नुसतं शेपूट ऐकतो. वर गेलं तर बचावाला जागा आहे. खाली आलं तर सरळ चहा ठेवायला उठतो.

पण खरी फजिती शेपटात नाही, ती उत्तरात आहे. “जेवला नाहीस ना?” असं कुणी विचारलं आणि आपण उपाशी असलो तर आपण “हो” म्हणतो. हो, तुम्ही म्हणता ते खरं, मी जेवलो नाही. आपलं ‘हो’ समोरच्या माणसाला असतं. इंग्रजाचं ‘येस’ जेवणाला असतं. विचारणारा काय म्हणतोय याच्याशी त्याला कर्तव्य नाही. जेवला असेल तर येस, नसेल तर नो. जपानी माणूसही आपल्यासारखंच उत्तर देतो म्हणतात, पण परभणीच्या पोरांच्या मुलाखती जपानी माणसं घेत नाहीत.

माझा पुतण्या पुण्याला एका कंपनीत मुलाखतीला गेला होता. जुनी म्हणच आहे आमच्याकडे, बनी तो बनी, नहीं तो परभणी. त्याच्या पाठीशी हा भक्कम आधार होता. सगळं छान झालं. शेवटी साहेबाने विचारलं, “यू डोन्ट हॅव अ प्रॉब्लेम विथ नाइट शिफ्ट, डू यू?”

“येस सर.”

“ओह. व्हॉट इज द प्रॉब्लेम?”

“नो प्रॉब्लेम, सर!”

“सो यू डोन्ट हॅव अ प्रॉब्लेम.”

“येस सर.”

“यू डू?”

“नो सर!”

साहेब पाणी प्यायला आणि म्हणाला, “वी विल लेट यू नो.” त्यातलं शेवटचं ‘नो’ तेवढं खरं ठरलं. पोरगा रात्रीच्या गाडीने परत आला. आता तो बियाणेवाल्या भाऊंकडे हिशेब बघतो आणि नाइट शिफ्टला त्याची आजही ना नाही.

गंगाखेडचे आमचे मामा त्याच्याही पुढचे. जनाबाईच्या गावचा माणूस, गळ्यात तुळशीची माळ, पंढरीची वारी कधी चुकली नाही. मुलाकडे जायला आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले. हवाई सुंदरी समजदार. तिने माळ पाहिली आणि अदबीने विचारलं, “यू डोन्ट ईट मीट, डू यू, सर?” मामांना ‘मीट’ कळलं आणि ‘डोन्ट’ही कळलं. एवढ्या उंचीवर, परक्या मुलीने आपली माळ ओळखली म्हणून त्यांना भरून आलं. ते छाती पुढे काढून म्हणाले, “येस!” सुंदरीला जरा नवल वाटलं, पण प्रवाशाची इच्छा. तिने झाकण उघडून कोंबडी समोर ठेवली. मामांनी डब्याला हात जोडले, झाकण परत लावलं आणि विमान उतरेपर्यंत पाणीसुद्धा घेतलं नाही. त्या वर्षी त्यांना एकादश्या पंचवीस घडल्या.

हे दोन्ही प्रकार मी सरांना सांगितले. सर म्हणाले, “काका, उत्तर आलं नाही की नुसतं हसायचं.” तेव्हापासून वर्गात सगळे हसायला लागले आणि आमची प्रगती झपाट्याने झाली असं सरांना वाटू लागलं.

शेपटांची यादी पाठ झाली, तेव्हा मी आत्मविश्वासाने लंडनला व्हिडिओ कॉल लावला. नात पडद्यावर आली. “आजोबा, इट्स हॉट देअर, इनिट?” मी जुळवाजुळव करायला लागलो, तोवर तिचं पुढचं आलं. “यू आर कमिंग, इनिट? आजी कॅन कुक, इनिट?” ‘आर’ आलं तरी इनिट, ‘कॅन’ आलं तरी इनिट. मी जावयांना विचारलं, हे काय? ते हसून म्हणाले, “बाबा, इकडं पोरं असंच बोलतात. इझन्ट इट घासून घासून इनिट झालंय. कशालाही लावतात.”

मी फोन ठेवला आणि बराच वेळ वही चाळत बसलो. म्हणजे ज्यांनी ही शेपटं काढली त्यांच्याच गावात त्यांचा कंटाळा आला होता आणि बियाणेवाल्या भाऊंचा सिद्धान्त इंग्रजांच्या राजधानीत आधीच अमलात होता. सरांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, “पेपरात लिहू नका.”

मला मात्र यातून एका जुन्या कोड्याचा उलगडा झाला. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आम्ही लहानपणापासून छाती फुगवून म्हणत आलो. त्याचा अर्थ विचारला की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघतो. उद्योगधंद्यात बघावं तर परभणीचं जर्मनीशी कुठेच जुळत नाही. पण बोलण्यात जुळतं! क्रियापद कोणतंही असो, फ्रेंच माणूस वाक्याच्या शेवटी ‘नेस्पा’ म्हणून मोकळा होतो आणि जर्मन माणूस गप्पांत नुसतं ‘ने?’ म्हणतो. त्यांचं ‘ने?’ आणि आमचं ‘ना?’. मी संध्याकाळी गांधी पार्कात मित्रांना हा शोध सांगितला. “म्हणजे म्हण खरीच निघाली ना?” सगळे म्हणाले, “हौ ना!” एकानेही पुरावा मागितला नाही. विद्वत्तेची एवढी कदर जर्मनीतही होत नसेल.

दरम्यान मी एक समाजकार्य करून बसलो होतो. आमच्या कार्यालयातल्या एका तरुण लिपिकाला मीच त्या क्लासला पाठवलं होतं. पोरगा कष्टाळू. नियम पाठ करायचा, दुपारी जेवणाच्या सुट्टीत मला शेपटं विचारायचा. वयाच्या ५८व्या वर्षी मी नियमाप्रमाणे निवृत्त झालो. निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, साहेबांचं भाषण. साहेब माझ्याबद्दल बराच वेळ बोलले आणि त्यात माझं नाव एकदा बरोबरही आलं. मग सूत्रसंचालकाने सांगितलं की आता आपले तरुण सहकारी सरांविषयी दोन शब्द इंग्रजीतून बोलतील. टाळ्या पडल्या. बायको पहिल्या रांगेत बसली होती. पोरगा माइकपाशी आला, माझ्या पाया पडला, घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात म्हणाला,

“अवर रिस्पेक्टेड सर हार्डली वर्क्ड इन धिस ऑफिस, डिड ही?”

शेपूट ऐकलं की उत्तर द्यायचं ही आमच्या गावाची रीत. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळं सभागृह एका सुरात म्हणालं, “हौ ना!”

रिक्षात मी शाल सावरत बायकोला म्हटलं, “पोरगं घाबरलं. त्याला ‘हार्ड’ म्हणायचं होतं, ना?”

“ ‘हार्ड’ म्हणायचं असतं तर ‘डिडन्ट ही’ लावलं असतं,” ती म्हणाली. “ ‘डिड ही’ लावलं त्यानं. नियम बरोबर पाठ आहे पोराचा.”

तिचा आवाज शेवटी खाली आला होता.